बाबांची डायरी, मागची खोली आणि पंधरा दिवसांची नोटीस

वाचकाचं पत्र, ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात:

"मी 38 वर्षांचा, पुण्यात नोकरी करतो. बाबा दिवाळीच्या आधी गेले. नाशिकला त्यांनी बांधलेला दुमजली बंगला आहे, खाली आता आई एकटी राहते. वरच्या मजल्यावर एक नोकरदार जोडपं आहे, भाडं 14 हजार. त्यांचं 11 महिन्यांचं रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स ऑगस्टमधेच संपलं, तेव्हा बाबा हॉस्पिटलमधे होते त्यामुळे रिन्यू करायचं राहून गेलं. ते दर महिन्याला भाडं टाकतायत, अजून बाबांच्याच खात्यात. मागच्या अंगणात एक खोली-किचन आहे, तिथे 2008 पासून एक आजोबा-आजी राहतात. कागद काहीच नाही, 2,800 रुपये रोख देतात आणि बाबा ते डायरीत लिहायचे. मला बायको आणि मुलीला घेऊन नाशिकला यायचंय, त्यासाठी मे अखेरपर्यंत दोन्ही जागा रिकाम्या हव्यात. मित्र म्हणतो मंथ टू मंथच आहेत ना, 15 दिवसांची नोटीस टाक, ऐकलं नाही तर पाणी तोड. काका म्हणतात 12 वर्षं होऊन गेली, आता ती खोली त्यांचीच झाली. आई म्हणते आजोबांना एक शब्द बोलायचा नाही. धाकटी बहीण सासरी आहे, ती म्हणते तूच बघ. मी आयुष्यात कधी मालक नव्हतो, मला हे कसं संपवायचं तेच कळत नाहीये."

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन-चार महिन्यांत वडील गेले, आई एकटी पडली, आणि त्यातच दोन भाडेकरू अचानक तुमच्या अंगावर आले. घाबरायला होणं साहजिक आहे. पण माझं डोकं पत्रातल्या एकाच ओळीवर अडकलंय. भाडं अजून बाबांच्याच खात्यात जातंय. म्हणजे वरच्या जोडप्याच्या हिशेबात त्यांचे मालक अजून बाबाच आहेत, मागच्या आजोबांच्या हिशेबात तर आहेतच, आणि मला वाटतं तुमच्याही मनात अजून तसंच आहे. भाडेकरार संपवायचा कसा हे तुम्ही मला विचारताय, पण तो संपवणारा मालक कोण हेच त्या घरात अजून कुणी कुणाला सांगितलेलं नाहीये. त्यामुळे आधी ते, नोटीस नंतर.

तर मालक कोण? तुम्ही लिहिताना "मला जागा हवीय" असं लिहिलंय. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि बंगला त्यांच्या स्वकमाईचा असेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण तिघांचा सारखा हिस्सा होतो, आणि बाबांची आई हयात असेल तर तिचाही. तुमच्या आजीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये म्हणून सांगून ठेवते, लोक हे हमखास विसरतात. बहीण "तूच बघ" म्हणते हा तिचा मोठेपणा, पण तो व्हॉट्सॲपवर ठेवू नका. तिघांच्या सहीचा एक साधा कागद करा की घराच्या भाड्याचा आणि भाडेकरूंचा व्यवहार तूर्त तुम्ही बघाल. तसे कोर्टात एका सहमालकाने जागा परत मागितली तरी चालतं, बाकीच्यांचा विरोध नसला म्हणजे झालं, पण उद्या वरच्या जोडप्याने बहिणीला फोन करून "ताई, दादा आम्हाला काढतोय" म्हटलं आणि ती "मला माहीत नाही बाई" म्हणाली की तुमचा अर्धा जोर तिथेच गेला. वारस नोंद, मिळकत पत्रिका, महापालिकेची घरपट्टी हे सगळं लावून द्या, त्याला वेळ लागतो, आणि त्यासाठी थांबून राहायची गरज नाही.

बाबांच्या खात्याचंही बघा. बँकेला मृत्यूचा दाखला दिलाय का? नसेल तर तो द्या, आणि त्या खात्यातून एटीएमने किंवा यूपीआयने पैसे काढू नका, आईसाठी असले तरी. ऑगस्टपासून तिथे जमा झालेलं भाडंही सगळ्या वारसांचं आहे. वरच्या जोडप्याला एक पत्र द्या, साधं, मराठीत: आमचे वडील अमुक तारखेला गेले, यापुढे भाडं या खात्यात टाका, काही अडचण असेल तर माझा नंबर हा. दोन प्रती, एकीवर त्यांची पोच. आणि त्यांचं डिपॉझिट किती होतं हे त्याच पत्रात लिहा, कारण बाबांनी घेतलेलं डिपॉझिट आता तुम्हाला द्यायचंय. भाडेकरूला सगळ्यात जास्त भीती तीच असते, की घेणारा तर गेला, आता आपले पैसे कोण देणार. ती भीती तुम्ही न विचारता काढून टाकलीत की पुढचं बोलणं निम्मं सोपं होतं.

हे मी अनुभवाने सांगतेय. मी पुण्यात भाड्याने राहायचे तेव्हा आमचे मालक काका गेले, आणि चौदाव्या दिवशी त्यांच्या मुलाचा मेसेज आला, महिनाअखेर जागा खाली करा. नमस्कार नाही, डिपॉझिटचा उल्लेख नाही. मी तशीही दोन महिन्यांत सोडणारच होते, पण त्या मेसेजने माझं डोकं असं फिरलं की मी मुद्दाम सहा महिने राहिले. त्याला कोर्टात जाणं परवडणार नव्हतं, मला माहीत होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला. त्याचे वडील गेलेले होते, तो दुःखात होता, हे मला खूप उशिरा सुचलं, पण तेव्हा तो मला फक्त जागा रिकामी करायला सांगणारा एक अनोळखी माणूस होता.

आता मित्राचं म्हणणं. 15 दिवसांची नोटीस हे त्याने हवेतून काढलेलं नाहीये. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 106, त्यात महिन्या-महिन्याचा भाडेपट्टा 15 दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो असं आहेच, आणि ते दिवस नोटीस हातात पडल्यापासून मोजतात. फक्त महाराष्ट्रातल्या शहरांत, नाशिकसुद्धा त्यात आलं, त्याच्यावर 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा बसलेला आहे, जो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. बँका, मोठ्या कंपन्या वगैरे भाडेकरू असतील तर तो लागत नाही, पण आजोबा-आजींना पुरेपूर लागतो. आणि या कायद्यात तुमचे दोन भाडेकरू दोन वेगळ्या खणांत बसतात. मित्र दोघांना "मंथ टू मंथ" म्हणतोय तिथेच घोळ आहे.

वरचं जोडपं हे लायसन्सी आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी मिळालेलं. त्यांच्याकडे रजिस्टर्ड लेखी करार आहे, मुदत संपलीय, आणि कलम 24 सांगतं की राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली की लायसन्सीने जागा परत द्यायची, नाही दिली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेला अधिकारी) अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर बसून राहिल्याबद्दल लायसन्सच्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. तिथे समन्स मिळाल्यावर 30 दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी मागायची असते, म्हणून हा रस्ता साध्या दिवाणी दाव्यापेक्षा बराच जवळचा. तुमच्या कामाची गोष्ट अशी की याच कलमाच्या स्पष्टीकरणात "मालक" म्हणजे मूळ मालकाच्या मृत्यूनंतर मालक झालेला वारसही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे करार बाबांच्या नावावर होता म्हणून तुमचं काही अडत नाही. बाबांच्या कपाटातून ती कराराची प्रत आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, शोधून काढा, सापडलं नाही तर जोडप्याकडे असेलच, नोंदणी कार्यालयाकडूनही मिळतं.

अडतं ते दुसरीकडे. ऑगस्टपासून तुम्ही भाडं घेताय. प्रत्येक महिन्याच्या भाड्याबरोबर समोरच्याला म्हणायला जागा मिळते की अहो, आमचं तोंडी नवीन ठरलं होतं. ते असं म्हणतीलच असं नाही, पण हे लोंबकळत ठेवणं तुमच्याही हिताचं नाही आणि त्यांच्याही. त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर वर जाऊन चहा प्यायले असते आणि सरळ सांगितलं असतं की आम्हाला जूनच्या आत इथे राहायला यायचंय, मुलीची शाळा तेव्हा सुरू होते, तुम्हाला किती वेळ लागेल. आणि त्यांनी जी तारीख सांगितली, एप्रिल अखेर, मे अखेर, तेवढ्याच मुदतीचा एक छोटा नवीन करार तिघा वारसांच्या नावाने रजिस्टर करून घेतला असता. एवढ्या मुदतीला स्टॅम्प ड्युटी काही शे रुपयांची होते, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो. लोक म्हणतील चार महिन्यांसाठी कशाला खर्च. तर यासाठी की नवीन करारात शेवटची तारीख लेखी असते, आणि लेखी करारात जे लिहिलंय तो कलम 24 च्या कामात पक्का पुरावा धरला जातो.

त्यांना लहान मूल आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये. असेल तर परीक्षा संपेपर्यंत थांबा, मार्चमधे सामान हलवायला लावू नका. डिपॉझिट किल्ली हातात आली की त्याच दिवशी द्या, "रंगाचे बघून सांगतो" वगैरे करू नका, रंग उडणं हे राहण्याचाच भाग आहे, फुटलेलं बेसिन वेगळं. महावितरणचं शेवटचं रीडिंग दोघांनी मिळून फोटो काढून ठेवा आणि जागा सोडल्याचा, ताबा दिल्याचा, डिपॉझिट मिळाल्याचा चार ओळींचा कागद तिथेच सही करून घ्या. पोलिसांत भाडेकरूची माहिती दिली असेल तर ते गेल्याचंही कळवून टाका.

आता मागची खोली, जिच्यासाठी खरं तर तुम्ही पत्र लिहिलंय असं मला वाटतं.

काकांपासून सुरू करते. भाडेकरू 12 वर्षं राहिला की जागा त्याची होते हे आपल्याकडे लग्नकार्यात, कट्ट्यावर, सगळीकडे ऐकू येतं आणि ते चूक आहे. 12 वर्षांचा नियम आहे तो मालकाच्या हक्काला धाब्यावर बसवून, उघडपणे, आपलीच जागा म्हणून बसणाऱ्यासाठी. आजोबा दर महिन्याला बाबांना 2,800 रुपये देत होते, म्हणजे दर महिन्याला ते सांगत होते की जागा तुमची आहे. 17 वर्षं राहिले काय आणि 40 राहिले काय, भाडेकरू तो भाडेकरूच. रेशनकार्डावर, आधारवर तो पत्ता असला तरी त्याने मालकी येत नाही. तेवढी भीती आजच मनातून काढून टाका, कारण या भीतीपोटी माणसं घाईघाईने वाईट वागतात.

पण मित्राचंही चूक आहे. कागद नाही म्हणजे त्यांना हक्क नाही, असं तुम्ही धरून चाललाय. उलटं आहे. कलम 55 म्हणतं की भाड्याचा करार लेखी हवा आणि रजिस्टर हवा, अगदी 11 महिन्यांचा असला तरी, आणि ही जबाबदारी मालकाची. केला नाही तर कुठल्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोपर्यंत मालक दुसरं काही सिद्ध करत नाही, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड अशी तरतूदही आहे. बाबांनी विश्वासावर दिलं, त्या काळात अंगणातली खोली देताना कोण वकिलाकडे जायचं, पण कायद्याच्या नजरेत ती चूक बाबांची, आजोबांची नाही. आणि भाडेकरू भाडं देतोय, द्यायला तयार आहे, तोवर कलम 15 त्याला संरक्षण देतं. थकलं तरी आधी लेखी नोटीस, मग 90 दिवस, मगच दावा. बाकी कारणांसाठी कलम 16 आहे, त्यातलं तुमच्या उपयोगाचं म्हणजे स्वतःच्या राहण्याची खरी आणि वाजवी गरज. पण तिथे कोर्ट हेही बघतं की जागा दिली नाही तर मालकाला त्रास जास्त की जागा काढून घेतली तर भाडेकरूला. कोर्टाला हेही माहीत असतं की गरज म्हणून घर खाली करून घेतात आणि जास्त भाड्याने दुसऱ्याला देतात, म्हणून कलम 17 मधे आहे की महिन्याभरात तुम्ही तिथे राहायला गेला नाहीत किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला दिलीत तर जुना भाडेकरू जागा परत मागू शकतो.

म्हणून मी तुम्हाला विचारते, मागची खोली तुम्हाला खरंच कशाला हवीय? पत्रात तुम्ही दोन्ही जागा हव्यात म्हणालात पण खोलीचं काय करणार ते कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही तिघं वरच्या मजल्यावर आरामात मावता, आई खाली आहेच. मला वाटतं मित्राने काका-पुतण्याच्या कुठल्यातरी भांडणाची गोष्ट सांगितली असेल आणि तुम्ही "एकदाच सगळं साफ करू" असं ठरवून टाकलंत. नवीन मालक झालेल्या माणसाला हे होतं, त्याला वाटतं आत्ता कडक वागलो नाही तर सगळे डोक्यावर बसतील. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वरचा मजला मेपर्यंत मिळू शकतो, बोलून. मागची खोली मेपर्यंत मिळणार नाही, कोर्टात गेलात तर काही वर्षं धरून चाला, आणि पाणी तोडलंत तर तुम्हीच आरोपी व्हाल. कलम 29 प्रमाणे पाणी, वीज, संडासाची सोय तोडणं हा गुन्हा आहे, कोर्ट ते परत जोडून द्यायला लावतं. कुलूप बदललंत तर त्यांना 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवता येतो, तिथे मालक कोण हा प्रश्नच येत नाही, फक्त कायद्याशिवाय बाहेर काढलं का एवढंच बघतात. मित्राला हे वाचायला द्या. त्याने हा सल्ला आणखी कुणालाही देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि आईचं. "आजोबांना एक शब्द बोलायचा नाही" असं ती का म्हणते हे तुम्ही तिला विचारलंत का? तुम्ही पुण्यात होतात. बाबांना रात्री त्रास झाला तेव्हा रिक्षा कोणी आणली, डब्बा कोण घेऊन जायचं, आता संध्याकाळी तिच्याशी बोलायला कोण असतं, हे तुम्हाला नीट माहीत आहे का? मला माहीत नाही, कदाचित यातलं काहीच नसेल, कदाचित तिला फक्त भांडण नको असेल. पण घरात तिचाही हिस्सा आहे, रोज त्या अंगणात तीच उभी असते, तिचं उत्तर ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तरीही खोली हवीच असेल, समजा तिथे वर जायचा दुसरा जिना घालायचाय, किंवा ती पडायला आलीय, तर रस्ता बोलण्याचाच. आजोबांच्या मुलांना बोलवा, एकट्या म्हाताऱ्या माणसाला गाठू नका. जवळच तळमजल्यावरची जागा तुम्ही शोधून द्या, गुडघे धरलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरचं स्वस्त घर दाखवून काही उपयोग नाही. तिथलं डिपॉझिट, सामान हलवायचा खर्च, वर काही महिन्यांच्या भाड्यातला फरक द्या. कोर्टात चार वर्षांत वकिलाला जेवढे द्याल त्यापेक्षा हे कमीच असतं. ठरलं की वकिलाकडून जागा स्वखुशीने परत दिल्याचा लेखी करार करा, त्यांनाही तो त्यांच्या वकिलाला दाखवायला सांगा. एक गोष्ट मात्र करू नका, "आजोबा, नुसता कागद आहे, सही करा" म्हणून 11 महिन्यांच्या लीव्ह लायसन्सवर त्यांचा अंगठा घेऊ नका. जुना भाडेकरू असा नकळत लायसन्सी करणारे लोक आहेत, एजंटही सुचवतात. ती फसवणूक आहे, आणि कोर्टात उघडी पडली की तुमच्या खऱ्या गरजेवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि ठेवायचं ठरलं तरी कागद हवाच, म्हणजे आत्ता आहे तेच भाडं, तेच भाडेकरू, जे खरं आहे ते लिहून रजिस्टर करा. बाबांनी जे 17 वर्षांत केलं नाही ते तुम्ही करून टाका. वरच्या जागेसाठी वकिलाकडे जाल तेव्हाच हेही विचारून घ्या, नोटीस द्यायचीच वेळ आली तर ती वकिलाकडूनच जाऊ दे, घरी बसून लिहिलेल्या नोटिशीत माणूस भलतंच काहीतरी कबूल करून बसतो. भाडं नाकारून "आता घेत नाही" असा खेळही खेळू नका, ते मनीऑर्डर करतील किंवा कोर्टात भरतील आणि थकवलं असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

बाबांची डायरी कुठे आहे? ती आता तुमच्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, 2008 पासून कुणी किती कधी दिलं ते सगळं तिच्यात बाबांच्या अक्षरात आहे. पानापानाचे फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवा. बाबा गेल्यापासूनच्या महिन्यांचं भाडं आजोबांनी कुणाला दिलंय, आईला, की अजून पाकिटात घालून ठेवलंय, तेही विचारा. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, बाबा बहुतेक देत नसतील. तर या एक तारखेला नाशिकला जा, एक पावतीपुस्तक घेऊन मागच्या खोलीत जा, बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली पुढची नोंद तुम्ही लिहा, पावती फाडा आणि खाली तुमचं नाव लिहून सही करा.